शुक्रवारचं दळण

मी जातं बोलतोय. खर्ड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या पडवीत माझा मुक्काम असतो. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, शेजारी बाजरीचा डबा. रस्त्यानं जाणारं एखादं शहरी माणूस मला बघून थांबतं, मोबाईलवर फोटो काढतं, "आमच्या आजीकडं होतं असं" म्हणतं आणि गाडीत बसतं. माणसांना जुनी वस्तू फार आवडते, ती वापरावी लागत नसली की.

मी तुम्हाला थांबवतोय ते फोटोसाठी नाही. या घरात संस्कृती नावाची सात वर्षांची मुलगी आहे. तिचं पोट आतून सोलून निघतंय, आणि त्याला कारण मी आहे. हे मला ठाऊक आहे. घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. जात्याला तोंड असतं म्हणतात, ते खरंच. पण त्यात दाणे घालायचे असतात, बोलायची सोय त्यात केलेली नाही.

आधी माझी हकिकत थोडक्यात सांगतो. मी बालाघाटाच्या डोंगरातला काळा दगड. एका पाथरवटानं मला फोडून, घासून, गोल करून बाजारात मांडलं. संस्कृतीच्या बापाची आजी, म्हणजे तिची पणजी, तिनं मला निवडलं. तिनं माझ्यावर थापा मारल्या, दोनदा फिरवून पाहिलं आणि किंमत पाडायला मला ठिसूळ म्हणाली. तिला जाऊन वीस वर्षं झाली, मी अजून इथेच आहे.

तिनं आणि तिच्या जावांनी माझ्यावर बाजरी दळली, ज्वारी दळली, हुलगे भरडले. हा कोरडवाहू मुलूख. गहू दिसायचा तो सणाला, तोही पाहुण्यांच्या ताटात जास्त. माझ्याशी बाया जेवढं बोलल्या तेवढं नवऱ्यांशी बोलल्या नसतील. नवऱ्यानं मारलं, भाऊ न्यायला आला नाही, पोट राहत नाही, सगळं माझ्या कानावर घालून मग त्या हसतमुखानं आत जायच्या.

मग गावात विजेची गिरणी आली. मला दोन ठिकाणी वाटून टाकलं. खालची तळी न्हाणीत गेली, त्यावर बसून लोकांनी टाचा घासल्या. वरची पत्र्यावर चढवली, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. मी रुसलो नाही. दगडाचं रुसणं कुणाच्या लक्षात येतं?

ज्योती या घरात सून म्हणून आली तेव्हा मी असाच दोन जागी होतो. ती राहुरीकडची, कालव्याच्या बागायती भागातली. तिला चपातीची सवय. नवरा कल्याण दुधाचा टेम्पो चालवतो; पहाटे जातो, दुपारी येतो, जेवतो आणि झोपतो. माणूस वाईट नाही, फक्त घरात काही अवघड झालं की त्याला टेम्पोचं काहीतरी काम आठवतं. सासू बनुबाई. तिला ज्योती आत्या म्हणते.

संस्कृती दीड वर्षाची होईपर्यंत चांगली गुबगुबीत होती. वरचं खायला लागल्यापासून सगळं फिरलं. पोट टम्म, हातपाय काड्या, दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. केस विंचरले की फणीत गुंता निघायचा. ज्योती बिचारी पोरीच्या अंगाला काही लागावं म्हणून रोज सकाळी दुधात चपाती कुस्करायची, वर तूप घालायची आणि मांडीवर घेऊन शेवटच्या घासापर्यंत भरवायची.

फ्रॉक घातला, पावडर लावली की वरून काही दिसायचं नाही. ताप नाही, जखम नाही, पट्टी नाही. ज्या दुखण्याला पट्टी नाही ते दुखणं लोकांना पटत नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं जंत. नणंद रेश्मा माहेरपणाला आली तेव्हा आपल्या मुलाला पुढे उभं करून म्हणाली, "आमचा अमृत हिच्याच वयाचा हाय. बघा दोघं शेजारी. वयनी, पोरीला जेवायला घालता का नुसतं फोटो काढता?" सगळे हसले. ज्योतीही हसली आणि भांडी घासायला उठली. तिनं त्या दिवशी एक पातेलं चार वेळा घासलं, कारण न्हाणीतून बाहेर यायची तिची तयारी नव्हती.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात जाईपर्यंत पोरगी सहा वर्षांची झाली होती. दसऱ्याच्या सुमारास तिला इतके जुलाब लागले की मान टाकली. सलाईन लावलं, रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गव्हात एक चिकट भाग असतो. तो हिला चालत नाही. गहू पोटात गेला की हिचं आतडं आतून सोललं जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा, बिस्किट, शेवया, कणभरसुद्धा नाही."

"किती दिवस?" ज्योतीनं विचारलं.

"जन्मभर."

 परतीच्या एसटीत ज्योतीनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. पुढे माझ्यावर दळताना ती एकदा म्हणाली, की त्या दिवशी जामखेड येईपर्यंत ती चपात्या मोजत होती. रोजची एक धरली तरी किती झाल्या. स्वतःच्या हातानं, तूप लावून.

घरी आल्यावर तिनं गव्हाचं पोतं वाटून टाकलं. डबे धुतले, पोळपाट चुलीत घातला. सासूला म्हणाली, "आत्या, आजपासून ह्या उंबऱ्याच्या आत गहू येनार न्हाई. सणाला न्हाई, पाव्हन्याला न्हाई."

"नगं येऊ दे," बनुबाई म्हणाली. "आमी काय गव्हावर वाढलो व्हय? बाजरी खाईल माजी बाय."

बनुबाईनं हा शब्द तंतोतंत पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. गावातल्या बाकीच्या बायांनी मात्र ज्योतीला वेड्यात काढलं. गव्हानं कुणी मरतं का, शहरातले डॉक्टर काय वाटेल ते सांगतात, हिला चपात्या लाटायचा कंटाळा. ज्योती पहिले आठ-दहा दिवस प्रत्येकीला समजावून सांगायची. मग तिनं सांगणं सोडलं. कुणालाच काही सांगायचं नाही, आपण करत राहायचं. तिची एवढीच एक चूक झाली, आणि तीही इतरांनीच करवून घेतलेली.

गहू बंद होऊनही पोरगी सुधारेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पीठ कुठे दळता?" ज्योती म्हणाली, गिरणीत. "तिथे गहूही दळतात?" दळतात की. सहादेव गिरणीवाला गव्हावर बाजरी टाकतो, पहिली मूठ बाजूला काढतो, झालं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दगडाला लागलेलं तेवढं पीठसुद्धा हिला पुरतं, म्हणाल्या.

त्या दिवशी ज्योती गावात उतरली ती पिशवी खांद्यावर असतानाच न्हाणीत शिरली आणि खालच्या तळीवर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कल्याणनं पत्र्यावरची तळी उतरवली. मला काथ्यानं घासलं, तीन दिवस उन्हात तापवलं. खर्ड्याहून पाथरवट बोलावून छिन्नीनं माझ्या अंगावर नव्या खाचा पाडून घेतल्या, टाकी लावणं म्हणतात त्याला. बाभळीचा नवा खुंटा ठोकला. इतक्या वर्षांनी माझ्या दोन्ही तळ्या एकमेकींवर बसल्या.

ज्योतीला दळता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा फोड. पण रोज संध्याकाळी ती यायची. मूठभर बाजरी माझ्या तोंडात घालायची आणि ओढायची. माझ्यावर दळलेल्या पिठाची भाकरी दोन्ही वेळेला, दुसरं कुठलंही पीठ नाही. सासूला वाटलं, हातानं दळलेलं ताकदीचं असतं म्हणून सूनबाई एवढं करतेय. तिला कुणी खरं कारण सांगितलं नाही.

आणि पोरगी सुधारली. दिवाळीनंतर महिनाभरात जुलाब थांबले. संक्रांतीला तिच्या गालावर मांस आलं. फणीत केस येईनासे झाले. एका रविवारी ती पडवीतून रस्त्यापर्यंत पळत गेली आणि पळत परत आली, उगीचच. ज्योती दळायची थांबून बघत राहिली. मी या घरात एवढी दळणं केली, पण आपल्यामुळे कुणीतरी पळतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला गर्व झाला. तो इथेच कबूल करतो.

आता बनुबाईचं सांगतो. दसऱ्याला पोरीनं मान टाकली होती तेव्हा तिनं टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता. पोरगी उठून पळायला लागली की एकवीस शुक्रवार उपाशीपोटी, स्वतःच्या हातानं जात्यावर गहू दळून, त्याचा गुळाचा रोट तुझ्यापुढे ठेवीन. गिरणीचं पीठ चालणार नाही. आणि नवस फिटेपर्यंत कुणाजवळ बोलणार नाही, बोललं की तो फुकट जातो. तिच्या माहेरची ही रीत. पोरगी पळाली. बनुबाई देवीचं देणं अंगावर ठेवणारी बाई नव्हती.

पहिला शुक्रवार शिमग्याच्या आधीचा. ज्योती शाळेत गेलेली. पोरगी पहिलीत जायला लागली तेव्हाच तिनं तिथं खिचडी शिजवायचं काम धरलं होतं, पोरीवर नजर राहावी म्हणून. घरी बनुबाई एकटी. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारच्या रंगुबाईकडून वाटीभर गहू पदराच्या गाठीत आणले. उंबऱ्याच्या आत नाही नेले. पडवीतच बसली, माझ्यासमोर. मी उंबऱ्याच्या बाहेर होतो ना.

दळायच्या आधी तिनं ओल्या फडक्यानं मला पुसून काढलं. देवीच्या गव्हात बाजरीचा कण जाऊ नये म्हणून. माझ्या अंगात आग लागल्यासारखं झालं. मी जड झालो. जेवढं अडता येतं तेवढा अडलो. बनुबाईनं खुंटा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आज लई जड जातंया. बघ बाई आई, किती परीक्षा बघायची ती बघ." आणि सत्तर वर्षांच्या त्या बाईनं उपाशीपोटी असा जोर लावला की मला फिरावंच लागलं.

गहू मऊ असतो. नव्या टाकीची खाच खोल असते. प्रत्येक खाचेत तो जाऊन बसला. दळून झाल्यावर बनुबाईनं मला पुन्हा पुसलं, अगदी मन लावून, वरवर. पीठ रंगुबाईच्या चुलीवर नेलं, रोट तिथेच भाजला, टेकडी चढून देवीला ठेवला आणि सगळा गुरवाला देऊन आली. नातीसाठी कणभर आणला नाही. तिला नातीचं पथ्य माहीत होतं.

संध्याकाळी ज्योती शाळेतून आली, हात धुतले, आणि माझ्या तोंडात बाजरी घातली. मी दळलं. ज्योतीनं त्याच पिठाची गरम भाकरी चुरून, दूध घालून लेकीपुढे ठेवली.

शनिवारी सकाळी पोरगी पोट धरून बसली.

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. ज्योतीनं विचार केला; ती विचार करणारीच बाई आहे. दर शनिवारी त्रास, म्हणजे शुक्रवारी काहीतरी पोटात जातंय. शुक्रवारी शाळेत काय असतं? शुक्रवारी मुलांना बिस्किटाचा पुडा मिळतो. संस्कृतीला त्याऐवजी केळ द्यायचं ठरलं होतं. पण पोर आहे. वर्गात शेजारी बसणारी राजेश्वरी देत असणार अर्धं मोडून.

"काल शाळेत काय खाल्लं?"

"केळ."

"अजून?"

"काय न्हाई."

"राजेश्वरीनं बिस्किट दिलं का न्हाई?"

"न्हाई दिलं. देवाशप्पथ, मम्मी."

ज्योतीनं तिचं तोंड उघडून वास घेतला. बोट घालून दाढा तपासल्या. मग मारलं. पहिल्या वेळी एक चापट. पुढच्या वेळी जास्त. पोरगी रडायची, ओकायची, पुन्हा रडायची आणि दर वेळी एकच सांगायची, न्हाई खाल्लं. एवढीशी पोर, पण खोटं म्हणून बोलायची नाही. बनुबाई मध्ये पडली की ज्योती म्हणायची, "तुमी लाडावली हिला." आणि संध्याकाळी त्याच हातानं खुंटा धरायची. तळहात गरम असायचा. "माजंच लेकरू माज्याशी खोटं बोलतंय," ती मला सांगायची. मी गरगर फिरत होतो. दुसरं करणार काय?

तिनं शाळेत पोरीची जागा बदलली. सुट्टीत संस्कृती आता खिचडीच्या चुलीपाशी बसायची, मुलांकडे पाठ करून, धुरात. राजेश्वरीला ज्योती सगळ्यांसमोर बोलली. ती पोरगी पुन्हा संस्कृतीजवळ आली नाही. नगरला रक्त तपासलं तर या दुखण्याचा आकडा पुन्हा चढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पथ्य पाळलं जात नाहीये. कुठून तरी गहू जातोय. आई म्हणून तुमचीच जबाबदारी आहे." त्यांचंही चुकलं नाही. कल्याण दाराशी उभा राहून चपला बघत होता.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. ज्योती दिवसभर घरी, त्यामुळे बनुबाईला दळायला मिळेना. तिचे नऊ शुक्रवार झाले होते, दहावा चुकला. रोज रोज बाजरी दळून माझ्या खाचा धुऊन निघाल्या आणि दीड महिन्यात पोरगी पुन्हा उभी राहिली. जूनमध्ये तिची उंची दाराच्या चौकटीवर मोजली तर बोटभर वाढलेली निघाली.

यावरून घरातल्या दोघींनी काय ओळखलं बघा. ज्योतीनं ओळखलं की घर चांगलं, शाळा वाईट. आणि बनुबाईनं ओळखलं की देवीनं पोरीला पुन्हा पळायला लावलं आणि आपण मात्र नवस अर्धा टाकला. शाळा उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी ती रंगुबाईकडून दोन वाट्या गहू घेऊन आली. मोजणी पहिल्यापासून सुरू केली.

गहू दुप्पट झाला, तसा त्रासही दुप्पट झाला. श्रावणापर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. दुसरीच्या वर्गात ती बाकावर डोकं ठेवून झोपायची. एका सोमवारी ज्योतीनं ठरवून टाकलं.

"हिला आता शाळेत न्यायची न्हाई."

"आन शिकायचं कसं?" कल्याण म्हणाला.

"आधी जगू दे. मग शिकंल."

"तू शाळंत, मी टेम्पोवर. घरी कोन बघनार?"

"आत्या हायेत की. त्यांच्याइतकं पथ्य ह्या गावात दुसरं कोनी पाळत न्हाई."

दप्तर पाठीला लावून दारात उभ्या असलेल्या पोरीच्या पाठीवरून ज्योतीनं ते काढून घेतलं. पोरगी रडली नाही. ती पडवीत आली आणि माझ्यावर बसून रस्त्यानं जाणारी मुलं बघत राहिली.

शुक्रवार आला. बनुबाईला पेच पडला; पण एक मोजणी मोडलेल्या बाईला दुसरी मोडवत नाही. तिनं नातीला जवळ बसवलं. "हे बग, तुज्यासाठीच करती मी. तू बरी व्हावी म्हनून. पन कुनाला सांगायचं न्हाई. मम्मीला बी न्हाई. सांगितलं की देवी रुसती, आन मग तुजी आजी मरती."

शेवटचं वाक्य तिनं उगीच घातलं. मोठी माणसं पोरांना गप्प करताना जे हाताशी येईल ते वापरतात.

संस्कृतीनं गव्हाकडे बघितलं. हात मागे घेतले. तिला शिकवलेलं होतं. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजी, जात्याला गहू चालतो का?"

मी थांबलोच. खुंटा बनुबाईच्या हातात होता, पण मी थांबलो.

"दगडाला कसलं आलंय दुखनं?" बनुबाई हसून म्हणाली आणि जोर लावला. दळून झाल्यावर तिनं पोरीचे हात साबणानं दोनदा धुतले, तोंड पुसलं, मला पुसलं. मग तिला पडवीत बसवून, "हितनं हलू नको," असं बजावून रोट घेऊन टेकडीवर गेली. पोरगी हलली नाही. आजी मरू नये म्हणून ती तासभर एका जागी बसून होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती पडवीच्या कडेला वाकून ओकली. मग पोट धरून माझ्याशेजारीच आडवी झाली. ज्योती सकाळच्या शाळेला निघाली होती. तिनं डबा खाली ठेवला.

ती पोरीजवळ बसली आणि या वेळी तिनं मारलं नाही.  मला तिचा विचार ऐकू येत होता म्हणा ना. पाच दिवस पोरगी शाळेत गेलेली नाही. राजेश्वरी नाही, बिस्किटाचा पुडा नाही. मग कुठून? तिनं पाण्याच्या हंड्याकडे बघितलं. दुधाच्या पातेल्याकडे बघितलं. बाजरीच्या डब्यात हात घालून दाणे उजेडात धरले. आणि मग तिची नजर माझ्यावर आली. ती उठली. वाकून तिनं माझ्या वरच्या तळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पीठ डोळ्यांजवळ नेलं. ते बाजरीच्या पिठाहून पांढरं होतं. थोडंसंच, पण होतं.

एवढ्या वर्षांत मी देवाला काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं.

"संस्कृती," ती हळू आवाजात म्हणाली, "काल घरात काय काय झालं? मी मारनार न्हाई. खरं सांग."

पोरीनं दाराकडे बघितलं. दारात बनुबाई उभी होती, कालचं कुंकू कपाळावर तसंच. तिचा चेहरा पोरीच्या काळजीनं उतरला होता. पोरीला तो मरायला टेकलेल्या आजीचा वाटला असावा.

"मी बिस्किट खाल्लं," संस्कृती म्हणाली.

"कुठलं?"

"रस्त्यावर पडलं हुतं. उचलून खाल्लं."

ज्योतीनं बोट पदराला पुसलं.

मग तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली. आनंदानं रडली. "शानी माजी बाय ती. खरं बोललीस. असंच खरं बोलत जा, मी कदी मारनार न्हाई." तिनं पोरीचे मुके घेतले. पोरगी आईच्या खांद्यावरून टक लावून बघत होती. एवढं प्रेम तिला शिमग्यापासून मिळालं नव्हतं. खरं बोलून तिला मार मिळाला होता, आणि हे खोटं बोलून मिळालं. ती हुशार आहे. तिला एकदाच शिकवावं लागतं.

बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. काल आपण टेकडीवर गेलो, तेवढ्यात पोरगी रस्त्यावर गेली असणार, असं तिला वाटलं. पोरीवरची नजर हलली म्हणूनच हे झालं, देवीनंच दाखवून दिलं. आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि पोरीला शेजारी बसवूनच दळायचं, हात धरून. हे तिनं मला नंतर सांगितलं.

ज्योती त्या दिवशी शाळेत गेली नाही. "तुला काल-परवाचं शिळं नको," म्हणाली, "ताजं दळते." बाजरीचा डबा ओढला, माझ्यासमोर मांडी घातली आणि मूठ माझ्या तोंडात सोडली.

तर असा मी. धडधाकट आहे, टाकी अजून तीक्ष्ण आहे, अजून शंभर वर्षं दळीन. खर्ड्याच्या रस्त्यानं तुमचं कधी येणं झालं तर या घरापाशी गाडी थांबवा. फोटो काढू नका. पडवीत या, त्या दोघींपैकी जी भेटेल तिला एवढंच विचारा, की या जात्यावर शुक्रवारी काय दळतात. आणि दोघीही भेटल्या नाहीत, एकटी पोरगीच माझ्यावर बसलेली दिसली, तर तिला आधी उतरवा, बाजूला उभी करा आणि पहार घेऊन मला फोडा. मागे काही ठेवू नका. मी हूं की चूं करणार नाही.

पण लवकर या. तिची शी धुताना ज्योतीला काल तिच्या पाठीची हाडं मोजता आली. आणि आज गुरुवार आहे.